फोटो जीवंतपणी काढून मिळतील

४ मार्च

ताई,

मायन्यात 'प्रिय' लिहावं की 'सप्रेम नमस्कार', या विचारात सकाळचा चहा गार झाला, म्हणून नुसतंच ताई. चार वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकलास की तू फोन ठेवून देतेस. पत्र मात्र कुणाचंही असलं तरी तू शेवटपर्यंत वाचतेस, चुका काढायला का होईना. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठलीस तरी तांबडी शाई काही सुटली नसणार.

लिहायचं कारण म्हणजे दुकानाची पाटी. बाबांच्या वेळची पाटी उन्हानं इतकी विटली होती की 'फोटो स्टुडिओ'तलं फक्त 'टो' आणि 'डिओ' वाचता येत होतं. तुझे मेव्हणे निवृत्त झाल्यापासून रोज एक सुधारणा सुचवतात. या खेपेला त्यांनी पाटीचा ध्यास घेतला. आता हातोहाती मोबाईल, पासपोर्टच्या फोटोशिवाय कुणी दुकानात फिरकत नाही. पण जुने, फाटके, डाग पडलेले फोटो नीट करून द्यायचं काम मी बरं करते. म्हणून पेंटरला फोनवर सांगितलं, खाली एक ओळ टाक, 'जुने फोटो जिवंत करून मिळतील.' तो त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी दुकानापुढे शिडीवर होता, खालून ट्रक जात होते. त्यानं काय ऐकलं कोण जाणे. संध्याकाळी पाटी लागली ती अशी: 'फोटो जीवंतपणी काढून मिळतील.'

'जी' दीर्घ. तुला खुपणार म्हणून आधीच सांगते, ती चूक त्याची, माझी नाही.

तुझे मेहुणे हसून हसून फुटपाथवर बसले. मी पेंटरला फोन करून झापलं तर तो म्हणतो, "मला वाटलं बरोबरच आहे बाई. मेल्यावर कोण काढून घेणार?" आणि खरी गंमत पुढे आहे. लोकांनाही ते बरोबर वाटलं. बाबा ज्याला 'भिंतीवरचा' म्हणायचे, म्हणजे माणूस गेलं की घरातले जो फोटो मोठा करून लावतात तो, तो आपण जातीनं हजर असताना काढून ठेवावा, असं गावातल्या निम्म्या लोकांच्या मनात होतंच. कुणी विचारत नव्हतं, इतकंच. आमच्या पाटीनं विचारलं. आता रोज कुणी ना कुणी दारात उभं असतं.

तेव्हा तुझी आठवण येणारच. आईचा भिंतीवरचा करायची वेळ आली तेव्हा आपल्याकडे, फोटोवाल्यांच्या घरात, आईचा एकटीचा एक फोटो निघाला नाही. जन्मभर ती बाबांच्या बाजूला दिवा धरून उभी. शेवटी एका घोळक्यातून मी तिला कापून काढली, तर खांद्यावर तुझी चार बोटं राहिली. मी ती पुसली आणि खांदा भरून घेतला. तू आलीस, बघितलंस, "मला आईच्या खांद्यावरून पुसून टाकलंस," म्हणालीस आणि पुढच्या गाडीनं परत गेलीस. मी अजूनही म्हणते, नुसती चार बोटं लटकत ठेवली असती तर येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं असतं, ही कुणाची. तू म्हणणार, माझी म्हणून सांगायचं होतंस. इथं आपली गाडी अडलीय ती अडलीय.

मी समेटासाठी लिहीत नाहीये. उत्तराचीही अपेक्षा नाही. पाटीचं तुला सांगितल्याशिवाय राहवेना, एवढंच.

चिमी

२० मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, मधोमध एकच ओळ: 'जि ऱ्हस्व. पाटी दुरुस्त करून घे.' मी ते तुझ्या मेव्हण्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, यात वाचून दाखवण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, तुम्हाला बहीण नाही, तुम्हाला नाही कळायचं. कार्ड काउंटरच्या काचेखाली ठेवलंय.

पाटी मात्र दुरुस्त करणार नाही. केली तर तुला पुन्हा लिहायला निमित्त काय उरणार?

आता गिऱ्हाइकांचं ऐक. सगळ्यात आधी आले ते निवृत्त ग्रंथपाल. ऐंशीच्या पुढचे, अंगात कोट, बरोबर नात. स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, मी मुदत उलटून गेलेलं पुस्तक आहे. मागितलं की परत देणार, कुरकुर नाही. फक्त पानं सुटायच्या आत मागावं." मरणाची त्यांना चिंता नाही, चिंता आहे ती अंथरुणाला खिळण्याची. सून उचलून बसवेल, मुलगा रजा टाकेल आणि दोघं त्यांच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघतील. ते बघणं त्यांना नको आहे. मी म्हटलं, थोडं हसा. "हसायचं नाही," म्हणाले, "भिंतीवरून हसत राहिलो तर घरच्यांना वाटेल, सुटलो म्हणून हसतोय." नात माझ्या दिव्याच्या छत्रीत डोकं घालून बघत होती. तिथूनच तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही मेल्यावर तुमचा चष्मा कोण घालणार?" त्यांनी तो तिथल्या तिथं काढून तिच्या नाकावर ठेवला. खरं म्हणजे फोटो तेव्हा काढायचा. पण मी बघतच राहिले आणि कळ दाबायची राहून गेली.

दुसरा आला तो समोरच्या नव्या इमारतीवरचा गवंडी. जेवणाच्या सुट्टीत, केसांत सिमेंट, पिशवीत धुतलेला शर्ट. पडद्यामागे जाऊन शर्ट बदलला, साखळीला बांधलेल्या कंगव्यानं केस विंचरले आणि माझा कंगवा पांढरा केला. असेल चाळिशीचा. "आमच्यात म्हातारपणाचं कोण बोलतंय," म्हणाला, "तिथवर पोचलो तर बघू." त्याचं म्हणणं असं की परांचीवरून कुणी पडलं की पेपरात ओळखपत्रावरचा फोटो येतो आणि ओळखपत्रात तो चोरासारखा दिसतो. "पोरी शाळेत जातात. वर्गात कुणीतरी पेपर आणणारच. त्यांचा बाप चोर दिसायला नको." मी विचारलं, वर भीती वाटते का? "वर नाही वाटत, वर काम असतं. घरी ताप आला की वाटते. मी बसलो की घर बसलं." त्याला हसरा हवा होता. दात दिसले तरी चालतील म्हणाला, दात चांगले आहेत. खरंच फार चांगले आहेत.

दोघंही पडून राहायला भितात, पण एकाला सुनेच्या डोळ्यांची धास्ती आणि दुसऱ्याला चुलीची. तुझे मेव्हणे म्हणाले, मरण सगळ्यांना सारखंच. मी म्हटलं, मरण असेल, काळजी नाही.

तुझी काळजी कुठली आहे गं? सहज विचारते. शाळेत तर तू कशालाच भ्यायची नाहीस, पालकांना सोडून.

चिमी

११ एप्रिल

ताई,

दुसरं कार्ड पोचलं. 'तू मेव्हणे आणि मेहुणे दोन्ही लिहितेस. एक काय ते ठरव. गवंड्याला एक प्रत जास्त दे, मुलींसाठी.' मेव्हणे ठरवलं आहे. प्रत दिली, तुझं नाव सांगून दिली. 'माझी ताई शिक्षिका आहे, तिनं पाठवलीय,' म्हटल्यावर तो एकदम सावधान उभा राहिला.

या आठवड्यात मोठं गिऱ्हाईक झालं. गवंडी ज्या इमारतीवर काम करतो तिचे मालक. सेक्रेटरी पुढे, हँगरवर तीन कोट मागे, मधे हे. त्यांना फोटो दरवाजाएवढा हवाय. त्यांची काळजी म्हणजे, माणसं किती येतील. वडील गेले तेव्हा रस्ता अडला होता म्हणे. आपल्या वेळी गाड्या पुष्कळ येतील पण माणसं आतच एसी लावून बसून राहतील, अशी त्यांना धास्ती. "जरा प्रेमळ दिसेन असं बघा," म्हणाले. मी दिवा खाली घेतला, बाजूला पांढरा पुठ्ठा धरून तुझ्या मेव्हण्यांना उभं केलं, हनुवटी खाली घ्यायला लावली. दिव्यानं जेवढं प्रेमळ करता येतं तेवढं केलं. काही केल्या जमेना. शेवटी विचारलं, तुम्हाला हल्ली कुणाची आठवण येते का हो? तर सेक्रेटरीला बाहेर पाठवलं आणि म्हणाले, "आमचा जुना ड्रायव्हर. तो मला 'ए' म्हणून हाक मारायचा." त्या क्षणी चेहरा असा सैल पडला की मी कळ दाबूनच टाकली. फोटो बघून ते म्हणाले, "हा मी वाटत नाही." पण नेला तोच.

मग कॉलेजच्या तिघी आल्या. त्यांना मरण म्हणजे शेजारच्या घरी आलेला पाहुणा. हसून हसून स्टूल पाडलं. एक म्हणाली, "आईनं शाळेतला दोन वेण्यांचा फोटो लावला तर मी भूत होऊन येईन, म्हणून हा घेऊन ठेवतेय." दुसरीला मरणाची नाही, मोबाईलची काळजी. तो आईबाबांनी उघडला तर? त्यासाठी तिनं पहिलीला नेमून ठेवलंय, बातमी कळताच येऊन आधी मोबाईल पाण्याच्या बादलीत टाकायचा, मग रडायचं. तिसरी गप्प होती. दोघी बाहेर गेल्यावर दिव्याची वायर गुंडाळायला मला मदत करता करता म्हणाली, "मला माझं काही वाटत नाही, काकू. पण रात्री बाबांचं घोरणं थांबलं की मी उठून बघून येते." मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलंच.

म्हणजे बघ, ग्रंथपालांना मुलासुनेची काळजी, गवंड्याला पोरींची, या पोरीला बापाची. स्वतःसाठी असं कुणी घाबरत नाही, मालक सोडून, आणि तेही ड्रायव्हरपाशी येऊन थांबले. तुझ्या मेव्हण्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मी गेलो तर गॅस बंद केलाय की नाही हे रात्री कोण बघणार?" संसाराचं सार एका वाक्यात सांगितलं त्यांनी.

मग म्हटलं आपलाही काढून ठेवावा. ते कॅमेऱ्यामागे, मी स्टुलावर. जन्मभर जगाला सांगत आले, हनुवटी वर, खांदे सैल, इकडे बघा. मला काही केल्या जमेना. ते म्हणाले, "तू कशाला भितेस ते आठव, मग चेहरा येईल." मी पुष्कळ आठवलं. आईबाबा गेले, मूलबाळ नाही, दुकान काय, आज आहे उद्या नाही. कशालाच भीत नाही असा निष्कर्ष निघाला आणि फोटो बटाट्यासारखा आला.

तू मागच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस.

चिमी

२ मे

ताई,

तुझी लेक काल येऊन गेली. ऑफिसच्या कामानं इथं आली होती म्हणाली. बरी आहे. जरा वाळलीय, पण हल्ली सगळ्याच वाळतात. दुकानात शिरताना पाटी वाचून तिनं कपाळाला हात लावला, अगदी तुझ्यासारखा.

तिनंही फोटो काढून घेतला. तिच्या पिढीची काळजी वेगळीच. "मावशी, मी गेले तर माझी खाती कोण बंद करणार? मेलेल्या मैत्रिणीला लोक अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. दरवर्षी. शंभर वर्षं जग म्हणतात." मी म्हटलं, आमच्या वेळी माणूस गेलं की निदान टपाल तरी थांबायचं. यावर आम्ही खूप हसलो.

बाकी विशेष काही बोलणं झालं नाही.

तुझं घर दुसऱ्या मजल्यावर ना? जिना सारखा चढउतार करू नकोस. म्हणजे सहजच. ऊन वाढलंय. जड पिशव्या उचलू नकोस, भाजीवाल्याला वर यायला सांग. मीठ कमी खातेस ना? आपलं उगाच विचारलं, तुझे मेव्हणेही हल्ली कमी खातात.

एक गंमत सांगायची होती, आत्ता आठवत नाही. आठवली की लिहीन. आज दुकानात खूप गर्दी आहे.

चिमी

५ मे

ताई,

परवाचं पत्र फाडून टाक. दुकानात कुणीही नव्हतं. आणि मला लपवता येत नाही हे तुला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून माहीत आहे.

तुझ्या लेकीनं सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. ती सांगणार नव्हती. मी तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर म्हटलं, खांदे सैल म्हटलं, आणि खांदे सैल सोडताच ती रडायला लागली. तुझ्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, जिना चढताना तुला मधे थांबावं लागतं, सतरा तारखेला ऑपरेशन आहे, हे सगळं मला तिच्या हुंदक्यांमधून ऐकावं लागलं. चिमीला कळवायचं नाही अशी तू तिला शपथ घातलीस, हेही. आणि मुलीनं रजा टाकू नये, तू टॅक्सी करून एकटी जाशील, हेही. जशी काही केंद्रावर परीक्षा घ्यायला चालली आहेस.

आणि मग तिनं पर्समधून तो फोटो काढून दिला. तुझ्या शाळेतल्या निरोपाच्या दिवशीचा, हातात गुच्छ, बाजूनं कुणाचं तरी कोपर आलेलं. याचा भिंतीवरचा करून ठेव म्हणून निरोप, कारण मात्र सांगायचं नाही. कोपर काढून टाकायला चिमीला येतं, ती त्यात तरबेज आहे, असं सांगायला सांगितलंस. चार वर्षांत केलेला हा तुझा पहिला विनोद, आणि मला अजिबात हसू आलं नाही.

ताई, हा फोटो मी मोठा करणार नाही. एक तर तो हललेला आहे. मोठा केला की तू धुक्यातून आल्यासारखी दिसशील. आणि दुसरं म्हणजे मी करणार नाही.

इतके दिवस लोकांना विचारत सुटले होते, तुम्हाला कशाची काळजी. माझी मला सापडत नव्हती. तुझी लेक गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिच्याच स्टुलावर बसले, तेव्हा सापडली. बाबा नाहीत, आई नाही. मी लहान असताना कशी होते, कशाला हट्ट करायची, कुठल्या पायरीवरून पडून हा हनुवटीवरचा व्रण घेऊन बसले, हे माहीत असलेलं आता एकच माणूस आहे. तू गेलीस की मी जन्मतःच म्हातारी होते असं होईल. साक्षीला कुणी नाही. मी मरणाला नाही भीत. मी याला भिते, ताई.

तेव्हा मी येतेय. तिकीट काढलंय. तुझे मेव्हणे दुकान बघतील. ते गिऱ्हाइकांना 'स्माइल' म्हणतात आणि डोळे मिटलेले फोटो काढतात, पण थोडे दिवस चालेल. बोटांचं काय करायचं ते समोरासमोर बघू. तू म्हणशील तर भांडू. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे असं मी म्हणणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन आणि जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगेन. मुख्याध्यापिकाबाई आठवीपर्यंत अंधारात एकट्या बाथरूमला जायच्या नाहीत, सोबतीला धाकट्या बहिणीला उठवायच्या, इथून सुरुवात करेन.

तुझी,
चिमी

२१ मे

अहो,

फोनवर तुम्ही हं हं म्हणता आणि टीव्ही बघता, म्हणून लिहितेय. शिवाय मला आता पत्रांची सवय लागलीय. ताई बरी आहे, हे फोनवर सांगितलंच. झडप बसली, रंग परतला, काल खिडकीपर्यंत चालली आणि बागेत पाणी कसं चुकीचं घालतात ते तिनं माळ्याला वरून सांगितलं.

बाकीचं सविस्तर सांगते. मी पोचले तेव्हा तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "न कळवता आलीस?" मी म्हटलं, पत्र टाकलंय. "मिळालं नाही," म्हणाली आणि दारातच उभी राहिली. जणू पत्र येईपर्यंत मला आत घेता येत नाही असा नियम होता. पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मी समोर बसलेली असताना तिनं ते उघडलं. आता ही मोठ्यानं वाचून चुका सांगणार म्हणून मी मान खाली घालून बसले. पण ती मनातच वाचत होती. शेवटचं पान दोनदा वाचलं. मग घडी घातली, स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली ती डोळे लाल, आणि म्हणाली, "आठवी नाही, सातवी."

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि तिची लेक बाहेर बाकावर. त्या पोरीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांना मुंग्या आल्या. त्या दिवसाचं जास्त लिहीत नाही. मला त्या बाकावर एकही विनोद सुचला नाही, यावरून काय ते समजा.

आज मात्र ऐका. आज ताई बसून जेवली, अंगात जरा जोर आला आणि तिनं मला फर्मावलं, "आता नीट कॅमेरा घेऊन ये आणि माझा चांगला भिंतीवरचा काढ. तो मागचा हललाय म्हणालीस." मी म्हटलं, काढते, पण लावणार नाही. तो लावायचं काम माझं नाही. "मग कुणाचं?" मी म्हटलं, तुझ्या लेकीचं. मी तोपर्यंत असणार नाही, मी आधी जाणार. तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, "काहीतरीच बोलू नकोस. मी मोठी. नंबरानं जायचं."

मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीत तूच पहिली का? खिडकीजवळची जागा तुझी, नवीन पुस्तकं तुझी, मला तुझी जुनी. निदान हे तरी मला पहिलं मिळू दे. ती म्हणाली, "तुझ्यामागे मी इथं बसून काय करू? माझ्या पत्रांत चुका नसतात, मला कोण उत्तर देणार?" मी म्हटलं, आणि तुझ्यामागे मी काय करू? ती म्हणाली, "तुला नवरा आहे." मी म्हटलं, ते गॅस बघतात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बोलण्याच्या भरात निघून गेलं.

आवाज चढत गेले. शेजारच्या खाटेवरच्या आजी आधी हसत होत्या. मग त्यांना पंच केलं. त्या म्हणाल्या, "माझ्या दोन धाकट्या बहिणी. दोघी माझ्या आधी गेल्या, मला विचारलंसुद्धा नाही." ताईनं आपल्या ताटातली फळाची फोड उचलली, माझ्या हातावर ठेवली आणि आजींना द्यायला सांगितली. आजींनी ती खाल्ली आणि म्हणाल्या, "थांबलात का? चालू द्या की. इथं दिवसभर कुणी बोलत नाही."

मग काय, आम्ही पुन्हा सुरू केलं. ताई म्हणे मी, मी म्हणे मी. तिच्या छातीवर ते यंत्र लावलेलं, ते टीं टीं करायला लागलं आणि सिस्टर धावत आली. तिला वाटलं काय झालं. ताई तिला म्हणाली, "काही नाही, माझी धाकटी बहीण आहे. ऐकत नाही." सिस्टरनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

आता बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. त्याच बाकावर, पण आज मजेत आहे. दुकान जमेल तसं चालवा, डोळे मिटलेले फोटो निघाले तर परत बोलवा. मी इतक्यात येत नाही.

कोण आधी जाणार ते ठरलं नाही. सिस्टरनं उद्या चार वाजता पुन्हा आत सोडायचं कबूल केलंय, आवाज खाली ठेवायच्या अटीवर. तेव्हा पुढचं भांडू.

तुमची
मी